पदराच्या गाठीतली राख

माघातली गोष्ट. मुरबाडकडची एक गरोदर मुलगी तपासणीला आली होती. वय वीस-एकवीस, सहावा महिना. दिवाळीनंतर घरातली सगळी माणसे वीटभट्टीवर मुक्कामाला गेलेली. त्या भट्टीवरूनच आशाताईने तिला गाडीत बसवून आणले होते. हिमोग्लोबिन ६.८. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय समजायचा. दोन महिन्यांपूर्वी तिचा आकडा ७.४ होता. म्हणजे लोहाच्या गोळ्या चालू असूनही रक्त वाढण्याऐवजी कमी झाले होते.

“गोळ्या खातेस ना गं?” मी विचारले.

“खाते ना बाई, रोज. दुपारी जेवल्यावर. आशाताईला विचारा.”

आशाताईने मान डोलावली. रिकामी पाकिटेही तिने पाहिली होती. जंताची गोळी देऊन झाली होती. सिकलसेलची तपासणी निर्दोष होती. कुठून रक्तही जात नव्हते. मग रक्त का वाढत नव्हते?

अशा वेळी एक प्रश्न विचारायचा असतो आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच राहून जातो. “माती खावीशी वाटते का?” ती लाजली आणि शेजारी बसलेल्या सासूकडे पाहू लागली. मग पदराची गाठ सोडून तिने पुढे केली. गाठीत करड्या रंगाची, मधूनच काळे खडे असलेली मूठभर पूड होती.

“माती नाय बाई. राख हाय.”

सासूबाई लगेच तिच्या मदतीला आल्या. “आमी बी खाल्लीय की. पोटुशी असताना चुलीतली राख खावीशी वाटतेच. काय झालं आमाला?”

“आजी, तुम्ही खाल्लीत ती चुलीतली. ही कुठली?”

“भट्टीवरची.”

“आणि भट्टीत काय जाळतात?”

याचे उत्तर बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याने दिले. तूस असतो, दगडी कोळशाचा चुरा असतो. भट्टी पेटवायच्या वेळी गॅरेजमधून डब्याने आणलेले काळे ऑईल चुऱ्यात कालवून त्याचा लगदा करतात. त्यामुळे चुरा उडत नाही आणि पेटही लवकर घेतो. भट्टी उतरवली की खाली राख उरते. ती हवी तेवढी घेता येते, तिला कोणी पैसे मागत नाही.

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती राख मात्र अजून माझ्या टेबलाच्या खणात एका बाटलीत आहे.)

राखेवरचा आपला विश्वास

त्या सासूबाईंना नावे ठेवायला माझी जीभ रेटली नाही. राखेवर आपल्या सगळ्यांचाच विश्वास आहे. आपल्या आज्यांनी भांडी राखेने घासली, राखुंडीने दात घासले, कीड लागू नये म्हणून कडधान्याला राख चोळून ठेवली. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून अंगारा लावला. शहापूर-मुरबाड पट्ट्यात पावसाळ्याआधी राब भाजतात. पालापाचोळा, फांद्या आणि शेण यांची ती राख वाफ्यात मिसळते आणि भाताचे रोप तरारून वर येते. आगीतून निघाले ते शुद्ध झाले, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की राखेची शंका मनात येतच नाही.

लाकूड, शेण, पाने यांच्या राखेपुरता हा विश्वास बराचसा खरा होता. त्या राखेत मुख्यतः कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचे क्षार असतात. झाडाने जमिनीतून जे घेतले तेच जमिनीला परत मिळते. अशी राखही खाण्याची वस्तू नाही. ती अल्कधर्मी असल्यामुळे पोटातल्या आम्लाचा जोर कमी करते, आणि लोहाची गोळी अंगी लागायला तर ते आम्ल हवे असते. पण भांडी घासायला आणि शेतात टाकायला ती चांगली.

घोटाळा शब्दाचा आहे. चुलीत उरते तीही राख आणि भट्टीत उरते तीही राख. शब्द एकच राहिला, जळण मात्र बदलले.

आग काय जाळते आणि काय नाही

आग कार्बन जाळते, हायड्रोजन जाळते, गंधकाचा वायू करून सोडून देते. शिसे, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल ही मूलद्रव्ये आहेत. कोणत्याही भट्टीच्या तापमानाला ती नष्ट होत नाहीत. त्यांचे रूप आणि जागा तेवढी बदलते.

शंभर किलो दगडी कोळसा घ्या. आपल्या देशातल्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. सोयीसाठी ३५ धरू. कोळसा जळून गेला की ३५ किलो राख उरते. शंभर किलोत विखुरलेले बहुतेक धातू आता या ३५ किलोत आले, म्हणजे जवळजवळ तिप्पट दाट झाले. आटवलेल्या दुधात साखर वेगळी न घालताही गोडी वाढते, तसाच हा प्रकार.

यात आणखी एक बारकावा आहे. आर्सेनिक, शिसे, कॅडमियम यांचा बराचसा भाग तीव्र आगीत वाफ होऊन वर जातो. धूर थंड होऊ लागला की ही वाफ राखेच्या कणांवर बसते. जितका कण बारीक तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, म्हणून सर्वांत बारीक कणांवर हे धातू सर्वांत दाट असतात. पारा तर बहुतांशी वायुरूपातच निसटून जातो. थोडक्यात, बोटाला जी राख पिठासारखी मऊ लागते तीच जास्त जपण्याची.

आता त्यात काळे ऑईल घाला. इंजिनात नवे ऑईल घालतानाच त्यात झीज रोखणारी जस्त आणि फॉस्फरसयुक्त रसायने आणि स्वच्छता राखणारे कॅल्शियमचे क्षार असतात. हजारो किलोमीटर फिरल्यावर त्यात इंजिनाच्या भागांची झीज उतरते. लोखंड, तांबे, क्रोमियम आणि बेअरिंगमधले शिसेही त्यात येते. अर्धवट जळलेल्या इंधनातून बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगेही त्यात साठतात. भट्टीतली आग सगळीकडे सारखी नसते. जिथे हवा कमी पडते तिथे ही संयुगे पूर्ण जळत नाहीत, ती काजळी होऊन राखेतच राहतात. ते काळे खडे त्यातलेच. गॅरेजच्या ऑईलऐवजी फर्नेस ऑईल किंवा तेलाच्या टाक्यांच्या तळाचा गाळ वापरला तर राखेत व्हॅनेडियम आणि निकेलची भर पडते. तेलावर चालणारे बॉयलर साफ करणाऱ्या कामगारांना व्हॅनेडियममुळे दम्यासारखा खोकला लागतो आणि कधी जीभ हिरवट होते, ही गोष्ट औद्योगिक वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

कोळसा आणि टाकाऊ तेल एकत्र जाळणे ही कल्पना मुळात वेडगळ नाही. रशियात सैबेरियातल्या तोम्स्क पॉलिटेक्निक विद्यापीठात कोळसा धुतल्यावर उरणारा गाळ, पाणी आणि वापरलेले तेल यांचे मिश्रण इंधन म्हणून वापरण्यावर अनेक वर्षे संशोधन चालू आहे. पाण्यामुळे आगीचे तापमान थोडे कमी राहते. नुसता कोळसा जाळण्यापेक्षा गंधक आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी निघतात आणि कचऱ्याचीही विल्हेवाट लागते. पण तिथे मिश्रण मोजून केलेले असते, धूर तपासला जातो आणि राखेचे पृथक्करण होते. मोठ्या औष्णिक वीज केंद्रातही धुराड्याआधी विद्युत गाळणी असते आणि ती चांगली चालत असेल तर उडत्या राखेचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग पकडते. आपल्याकडच्या उघड्या भट्टीला धुराडेच नसते, मग गाळणी कुठली असणार? जे उडते ते वाऱ्याच्या दिशेने जाऊन बसते आणि त्या दिशेला दहा-वीस पावलांवर भोंगे असतात. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून, वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकून उभी केलेली कामगारांची झोपडी. तिच्या दारातच पाण्याचा हंडा असतो, चूल असते आणि रांगणारे मूल असते.

लहान मूल आणि पोटातले मूल

राख शरीरात तीन वाटांनी शिरते. पहिली वाट श्वासाची. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या वीसाव्या भागाहूनही बारीक, थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. कोळशाच्या राखेत थोडी स्फटिकरूप सिलिका असते. वर्षानुवर्षे ती श्वासात गेली तर फुप्फुस निबर होऊ लागते आणि क्षयाचा धोका वाढतो. दुसरी वाट कातडीची. ओल्या राखेचे पाणी चुन्यासारखे असते. हातापायांना भेगा पडतात, आणि क्रोमियमची ॲलर्जी असली तर गवंड्यांना सिमेंटने येतो तसा खाजरा इसब येतो.

तिसरी वाट तोंडाची. ती सर्वांत दुर्लक्षित आणि बायका-मुलांच्या बाबतीत सर्वांत घातक.

इथे थोडे गणित करू. कोळशाच्या राखेत किलोमागे काही दहा मिलिग्रॅम शिसे असणे नेहमीचे आहे. समजा ५० मिलिग्रॅम. रोज दहा ग्रॅम राख, म्हणजे दोन चमचे खाल्ली तर अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम शिसे पोटात गेले. हे सगळे रक्तात उतरत नाही, बराचसा भाग काचेसारख्या कणांत अडकून बाहेर पडतो. तरी तुलना पाहा. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीच्या दिवसभराच्या अन्नातून ८.८ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे जाऊ नये, असा संदर्भ-आकडा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ठरवला आहे. पाचशेतले शेकडा दोन टक्केच सुटे झाले तरी ती मर्यादा ओलांडली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची निर्धोक अशी पातळीच नाही. रक्तात दर डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसे सापडले तर ते कुठून आले हे शोधून थांबवावे, असे संघटना २०२१ पासून सांगते. पोटात गेलेले शिसे लहान मुलाच्या शरीरात मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषले जाते. जेवणात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. म्हणजे कुपोषित मुलालाच त्याचा मोठा वाटा मिळतो. शिसे हाडांत जाऊन बसते आणि गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघू लागले की त्याच्याबरोबर तेही बाहेर पडते. वार त्याला अडवत नाही. जन्माला येणाऱ्या मुलाच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही.

आता त्या मुलीकडे परत येऊ. रक्तक्षय झालेल्या माणसाला माती, राख, खापरी, भाजक्या विटेचा तुकडा खावासा वाटतो. वैद्यकात याला पायका म्हणतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही, ते लोह कमी पडल्याचे लक्षण असू शकते. पण ती राख लोहाच्या गोळीचा गुण कमी करते. त्यातले शिसे रक्त तयार होण्याच्या क्रियेतच अडथळा आणते. रक्त आणखी कमी होते. मग राख आणखी खावीशी वाटते. चक्र असे फिरत राहते आणि बाहेरून पाहणारा डॉक्टर म्हणतो, “ही बाई गोळ्या खात नसणार.” राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. त्यातल्या किती जणींना आपण हा प्रश्न विचारला असेल?

कायदा काय म्हणतो

राखेवर सरसकट राग धरण्यात अर्थ नाही. वीज केंद्राची राख मातीत मिसळून विटा केल्या तर शेतातली वरची सुपीक माती वाचते आणि भाजलेल्या विटेत राख बांधली जाते. केंद्राच्या १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीट उत्पादकांना मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे हे अंतर वाढत गेले. धोका विटेत नाही. कोरडी राख उतरवताना, कालवताना आणि झाडताना तो असतो.

मोठ्या प्रमाणावर हलगर्जी झाली की काय होते, हे आपण पाहिले आहे. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत, वस्तीत, नाल्यांत आणि नदीत शिरले. आपल्या भागातल्या भट्ट्यांचे ढीग त्यापुढे काहीच नाहीत. पण भातसा, काळू, शाई या नद्या याच दोन तालुक्यांतून वाहतात आणि भातसा-तानशाचे पाणी मुंबई पिते. पहिल्या पावसात ओढ्याकाठचा राखेचा ढीग कुठे जाईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

वापरलेले ऑईल हे २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने वीटभट्टीत टायर, प्लास्टिक, पेटकोक आणि घातक कचरा जाळायला मनाई केली आहे आणि भट्टीची राख भट्टीनेच विटांसाठी पूर्ण वापरावी असेही सांगितले आहे. भट्टी वस्तीपासून किमान ८०० मीटर दूर असावी असेही त्यात आहे. आता हे अंतर मोजायचे कुठल्या वस्तीपासून? भट्टीवर राबणाऱ्यांची वस्ती तर भट्टीच्या अंगणातच असते. भोंगाही वस्तीच आहे, एवढे मानले तरी पुष्कळ होईल.

आपण काय करावे

भट्टीची, बॉयलरची किंवा हॉटेलच्या कोळशाच्या शेगडीची राख भांडी घासायला, दात घासायला, परसातल्या भाजीला किंवा कोंबड्यांच्या खुराड्यात वापरू नका. भांड्यांना राखच हवी असेल तर लाकडाच्या चुलीतली घ्या. त्या चुलीत रंग दिलेले लाकूड किंवा वाळवी लागू नये म्हणून काळे ऑईल लावलेला वासा जाळू नका.

राख कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मग भरा. तोंडाला बांधलेला रुमाल जाड धूळ अडवतो, बारीक कण अडवत नाही. भट्टी उतरवताना आणि राख कालवताना एन-९५ मास्क वापरावा आणि तो मालकाने द्यावा. पाण्याचा हंडा झाकलेला असू द्या. जेवणाआधी साबणाने हात धुवा, नुसत्या पाण्याने राखेची पूड जात नाही. कामाचे कपडे बदलून मगच लेकराला जवळ घ्या. भोंगे बांधताना वारा कुठून वाहतो ते पाहा आणि धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला बांधा.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करून घ्या. भट्टीवर काम करता हे डॉक्टरांना आपणहून सांगा, त्यांनी विचारले नाही तरी सांगा.

माती किंवा राख खावीशी वाटत असेल तर लपवू नका. रक्त तपासा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू किंवा आवळ्याबरोबर घ्या. लोह भरून निघू लागले की राखेची ओढ बहुधा काही आठवड्यांत आपोआप कमी होते. मूल राख-माती खात असेल तर त्याला मारू नका, त्याचे रक्त तपासा. शिशाची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेतच होते आणि प्रत्येकाची होणे कठीण आहे. म्हणून राख तोंडात जाऊ न देणे हाच खरा उपाय.

माझ्या व्यवसायातल्या मित्रांनाही एक विनंती. गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर रुग्णावर अविश्वास दाखवण्याआधी “माती किंवा राख खाता का?” हे विचारा. उत्तर ‘हो’ आले तर “कशाची राख?” हेही विचारा.

त्या मुलीला आम्ही दाखल केले आणि लोह शिरेतून दिले. रागावलो नाही. सासूबाईंना बाजूला बसवून शंभर किलो कोळशाचे ते गणित सांगितले. त्यांना ते लगेच पटले, कारण आयुष्यभर त्यांनी भट्टीवर विटा मोजल्या आहेत. पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.२ झाले. राखेची ओढ त्याआधीच गेली होती. पावसाळा तोंडावर आला, भट्टी बंद झाली आणि ती गावी जाऊन बाळंत झाली. मुलगी झाली, अडीच किलोला थोडी कमी.

सव्वा महिन्याने सासूबाई नातीला दाखवायला घेऊन आल्या. नातीच्या कपाळावर अंगारा होता. माझी नजर तिकडे गेलेली पाहून त्या स्वतःच म्हणाल्या, “चुलीतला हाय बाई. लाकडाचा. भट्टीचा नाय.”

पुढच्या दिवाळीनंतर ते सगळे पुन्हा भट्टीवर जातील. तेव्हा ती मुलगी रांगू लागलेली असेल.